गवंडणीचा पेशापालट

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीनं मला एक काम सांगितलं आणि त्या कामानं माझं डोकं पार खाऊन टाकलं. तसं काम साधं होतं. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारी नांदेडला आमच्या घरी एक खेळ खेळतात. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे, कागद आणि तोंडाची वाफ, बस्स. एकजण पंच होतो आणि समोर काय आहे ते सांगतो: किल्ला आहे, भुयार आहे, भुयारात कुणीतरी खोकतंय. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक पेशा असतो. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक. मोहीम पार पडली की गुण मिळतात आणि गुण साठले की पात्र आपल्या पेशात एक पायरी वर चढतं.

हा खेळ आपणच शोधून काढला असा पोरींचा समज होता. आम्ही तिघी मैत्रिणी तो लातूरला अकरावी-बारावीत खेळत होतो हे कळल्यावर माझ्या मुलीचं तोंड बघण्यासारखं झालं. आईनं आयुष्यात रसायनशास्त्र शिकवण्यापलीकडे काही केलं असेल यावर तिचा विश्वास नसतो.

"मग तुमची जुनी पात्रं घेऊन या ना," ती म्हणाली. "तुम्ही तिघी, आम्ही तिघी. फक्त आमचे नियम नवीन आहेत. तेवढं तू तुमच्या पात्रांना त्यात बसवून दे."

मी उत्साहाच्या भरात हो म्हणून बसले. मग आठवलं की त्यात औशाची गवंडीण आहे.

लातूरला आमच्या मुक्कामी कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. घरमालकीणबाईंनी तीन मजल्यांवर बावीस मुली ठेवल्या होत्या आणि त्यात एकाच नावाच्या चार-चार होत्या. त्यामुळे जी ज्या गावची, ते तिचं नाव. मी कंधार. माझ्या शेजारच्या खाटेवर नांदेड. तिच्या वडलांचं जुन्या गावात पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि तिच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. खिडकीखालच्या खाटेवर औसा. औसा हा तालुका. तिचं गाव त्या तालुक्यातलं, पण गावाचं नाव ती घेत नसे. भूकंपाला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती, आणि त्या पट्ट्यातल्या गावाचं नाव निघालं की लातुरात समोरचा माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. तिला ते आवडत नसावं.

तिचे वडील गवंडी होते. त्या पहाटे ते सोलापूरकडे बांधकामावर होते. आई आणि दोन भाऊ माळवदाखाली, त्या मातीच्या जड छताखाली गेले, ही अंगणात झोपली होती म्हणून वाचली. एवढं आम्हाला घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिच्या माघारी सांगून टाकलं आणि वर बजावलं, "तिला काही विचारत बसू नका." आम्ही नाही विचारलं. दोन वर्षं एका खोलीत राहून नाही विचारलं. तेव्हा मला तो माझा समजूतदारपणा वाटायचा.

लातूर तेव्हा नुकतं शिकवण्यांनी भरायला लागलं होतं. दाळमिलच्या गल्लीत, तेलाच्या दुकानांवरच्या माळ्यावर, कुठंही पत्र्याखाली शंभर पोरं बसलेली असायची. दर रविवारी सकाळी परीक्षा आणि दुपारी फलकावर नंबर. आम्हाला डॉक्टर व्हायचं होतं. मला घरच्यांमुळे, नांदेडला भावापेक्षा वरचढ व्हायचं म्हणून, आणि औशाला कशासाठी ते तिनं सांगितलं नाही. आम्हाला शिकवलं जायचं ते एकच: चौकटीतलं पाठ करा. सर फळ्यावर चौकट काढायचे, तिच्या डोक्यावर 'आयएमपी' लिहायचे आणि चौकटीबाहेरच्या मजकुराला म्हणायचे, "हे नुसतं वाचून घ्या." नुसतं वाचून घ्यायचं ते आम्ही कधीच वाचलं नाही. मी तर त्यात पटाईत होते. आज मी स्वतः नांदेडला शिकवणीत शिकवते आणि लाल खडूनं त्याच चौकटी काढते, तेव्हा आधीच सांगते, मी काही सुधारलेली बाई नाही.

खेळाचं पुस्तक नांदेडच्या भावानं पाठवलं. तो हैदराबादला इंजिनिअरिंगला होता. तिथल्या वसतिगृहात कुणाकडे तरी हे परदेशी पुस्तक होतं, त्याची यानं झेरॉक्स काढली आणि वडलांनी तिला लाल कापडाची बांधणी घातली. पुस्तक इंग्रजीत, बारीक टाइपातलं, तीनशे पानांचं. ते मराठीत आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि पंचही मीच झाले, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि कुणी माझं ऐकलं नाही की मला राग यायचा.

आणि मी काय केलं, तर त्या खेळाच्या पुस्तकाच्या नोट्स काढल्या. दोनशे पानी वही घेतली, पुस्तकात जे चौकटीत होतं आणि जे तक्त्यात होतं तेवढं उतरवलं आणि मधला मजकूर गाळला. आठ दिवसांत तीनशे पानं संपवली याचा मला कोण अभिमान वाटला! नांदेड म्हणाली, "ए कंधार, याचीबी परीक्षा घेणार हायेस काय?" मी खरंच घेतली. वीस प्रश्नांची. तिला अकरा पडले, औशाला वीस.

त्या पुस्तकात एका पात्राला दोन पेशे करायचे तर दोन रस्ते होते. पहिल्याला मी जोडपेशा म्हटलं. त्यात दोन्ही पेशे सुरुवातीपासून बरोबर चालायचे. मिळालेले गुण अर्धे इकडे, अर्धे तिकडे, त्यामुळे दोन्हीकडे पायऱ्या चढायला वेळ लागायचा. नांदेडनं हा घेतला. तिचं पात्र चोरही होतं आणि मांत्रिकही, आणि दोन्हीत कच्चं होतं. दुसरा रस्ता पेशापालटाचा. त्यात पहिला पेशा सोडून द्यायचा आणि दुसऱ्यात अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. जुनी विद्या कुलपात. मोहिमेत ती एकदा जरी वापरली तरी त्या मोहिमेचे गुण शून्य. पण नव्या पेशातली पायरी जुन्याच्या वर गेली की कुलूप निघायचं, आणि मग दोन्ही विद्या कायमच्या तुमच्या. मी हा नियम लाल पेनानं चौकटीत लिहिला होता. औशानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "मला ह्यो पाहिजे."

तिनं पहिला पेशा सांगितला गवंडी. पुस्तकात गवंडी नव्हताच. मी म्हटलं, यादीतलं घे. नांदेड मध्ये पडली, "कारागीर म्हणून घाल की गं, तुझ्या काय बापाचं जातंय?" मी कुरकुरत घातला. तिची गवंडीण चार पायऱ्या चढली. मग तिनं पेशा पालटला आणि ती वैद्य झाली. सबंध हिवाळा तिनं त्या वैद्यिणीची एकेक पायरी चढवली. कधी भिंत खचलेली दिसली, कमान तडकलेली दिसली, तरी ती हात मागे घ्यायची. म्हणायची, "न्हाई, मी ते करत न्हाई आता." फेब्रुवारी उजाडला तेव्हा ती वैद्यकीच्या चौथ्या पायरीवर होती. आणखी एक मोहीम, की पाचवी पायरी, की कुलूप उघडणार. हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. औसा फार बोलणारी मुलगी नव्हती, पण त्या आठवड्यात तिनं मला दोनदा विचारलं, "रविवारी व्हतंय ना नक्की?"

त्या रविवारी सकाळच्या परीक्षेत माझा नंबर सोळावरून एकतीसवर घसरला. एका गणिताची रीत बरोबर होती, शेवटचा पर्याय चुकला. मी सरांना सांगायला गेले तर ते म्हणाले, उत्तरतालिकेत रीत नसते. मी खोलीवर आले ती धुमसतच. जेवणं झाली, दुपारी आम्ही खाली सतरंजी टाकली आणि मी मोहीम सुरू केली.

मोहिमेसाठी मी आमच्या कंधारचा किल्ला डोळ्यांपुढं धरला होता. तिघींची पात्रं एका दालनात शिरली, माझंही एक योद्ध्याचं पात्र बरोबर असायचं, आणि वरचं छत कोसळलं. आत गावातली माणसं आश्रयाला आली होती, ती ढिगाऱ्याखाली गेली. पुस्तकातल्या तक्त्यात 'छत कोसळणे' असं एक संकट होतं, त्याला गुण जास्त होते, म्हणून मी ते निवडलं. समोर कोण बसलंय याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. हे आज लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

नांदेडनं माझ्याकडे बघितलं, मग औशाकडे. औसा सतरंजीवर मांडी घालून बसली होती. ती म्हणाली, "वरून कुणी दगड काढू नका." मग हातानं हवेत दाखवत बोलायला लागली. वरून काढलं की बाकीचं खाली बसतं. आधी टेकू. तुळई जिथं तिरपी झालीय तिथं खालून टेकू द्यायचा, मग बाजूनं एकेक दगड काढत आत बीळ करायचं. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "तू वैद्य आहेस."

"हाव. म्हाईत हाय."

फासे पुरेसे मिळाले नव्हते म्हणून आम्ही डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून काढायचो. तिनं चिठ्ठ्या काढल्या, मी त्याप्रमाणे सांगत गेले, मोहीम संपली आणि मी गुण लिहायला वही उघडली. नांदेडला सहाशे, म्हणजे चोरीचे तीनशे आणि मंत्राचे तीनशे. मला सहाशे. औशाला शून्य.

नांदेड भडकली. "अगं, तिनं माणसं काढली की! तुला काय दिल-बिल हाय का न्हाई?"

"नियम आहे," मी म्हटलं. "चौकटीत आहे. तिनं जुनी विद्या वापरली. मी काय करू?" आणि खरं सांगायचं तर म्हणताना मला बरं वाटलं. सकाळी माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, दुपारी मी कुणाचं ऐकून घेतलं नाही.

औसा म्हणाली, "बरोबर हाय तिचं." तिनं आपल्या पात्राचा कागद घडी करून माझ्या वहीत ठेवला आणि चहा ठेवायला उठली. त्यानंतर ती कधीच खेळली नाही. विचारलं की म्हणायची, अभ्यास हाय. दोघींत खेळात मजा नव्हती, म्हणून महिनाभरात ते सगळं बंद पडलं.

आमच्यापैकी डॉक्टर कुणीच झालं नाही. मी रसायनात एमएस्सी केली. नांदेडनं वडलांचं दुकान घेतलं. आता ती कॉलेजच्या पोरांचे प्रबंध बांधते आणि त्यातल्या चुकांवर हसते. औशानं लातूरलाच स्थापत्याची पदविका केली, भूकंपग्रस्त म्हणून दाखला होता त्यावर सरकारी नोकरीत लागली, आणि आता उदगीरला शाळा-दवाखान्यांच्या बांधकामांवर देखरेख करते. लग्नकार्यात भेटायची, नीट बोलायची. पण तिच्याशी बोलताना मला नेहमी वाटायचं की मधे काहीतरी आहे आणि ते मी ठेवलंय. मी एवढी वर्षं त्या शून्याला घाबरत होते म्हटलं तर माझी मुलगी हसेल. हसू दे.

तर आता ही गवंडीण मला नव्या नियमांत बसवायची होती. नव्या खेळात पेशापालट असा नाहीच. दर पायरीला तुम्ही ठरवता की ही पायरी कुठल्या पेशाची, आणि सगळ्या पायऱ्यांची बेरीज धरतात. कुलूप कशालाच नाही. मुलीला मी जुना नियम समजावून सांगितला तर ती म्हणाली, "कुलूप कशाला? शिकलेलं कुणी विसरतं का?" मी म्हटलं, तेव्हा असंच होतं. मग मी जुनी वही आणि कागद घेऊन बसले. गवंडीच्या चार आणि वैद्यकीच्या चार अशी सरळ बेरीज केली तर ती आठव्या पायरीवर जात होती आणि पोरी सगळ्या पाचव्यावर. हिनं फुंकर मारली तरी शत्रू पडला असता. जुने गुण एकत्र करून नव्या तक्त्यात बघितले तर पायरी ठीक यायची, पण ती कुठल्या पेशाला किती द्यायची ते कळेना. शेवटी मी असं ठरवलं, की एका पेशाच्या पायऱ्या पूर्ण धरायच्या आणि दुसऱ्याच्या, कुलूप असो-नसो, निम्म्या. चार अधिक दोन, सहा. नांदेडच्या चोर-मांत्रिकालाही याच रीतीनं बसवलं. पोरींनी दोन रविवार खेळून बघितलं आणि रीत पास केली.

पण मला समाधान नव्हतं. त्या शून्याच्या जागी सहाशे असते तर तिची बाई आज वेगळी बसली असती. वैद्यकीची पाचवी पायरी, आणि कुलूप उघडं. कुठलीही रीत लावली तरी आकडेमोडीत ते शून्य डोळ्यांसमोर यायचंच. म्हणून एका दुपारी मी नांदेडच्या दुकानात गेले आणि ते लाल कापडातलं जुनं पुस्तक मागितलं. तिनं ते जपून ठेवलं होतं. मी पेशापालटाचं पान काढलं. चौकट तशीच होती, मी उतरवली होती तशी. चौकटीखाली साध्या टाइपात एक परिच्छेद होता, जो मी सतराव्या वर्षी वाचलाच नव्हता. त्यात सांगितलं होतं की हा नियम फायद्यासाठी जुनी विद्या वापरणाऱ्यांना रोखायला आहे; पण पात्रानं कुणाचा जीव वाचवायला ती वापरली असेल, तर पंचानं आपल्या विवेकानं गुण द्यावेत.

मी स्टुलावर बसल्या बसल्याच पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. नांदेडनं चष्मा वर करून तो परिच्छेद वाचला.

"मंग?" ती म्हणाली.

"मी चुकले होते."

"ते तर मी त्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला पुस्तक कशाला पाहिजे?"

हिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. मी घरी येऊन औशाला फोन लावला. पोरींचा बेत सांगितला, येशील का विचारलं.

"येईन," ती म्हणाली. "पर माझी बाई मला जशीच्या तशी पाहिजे."

जशीच्या तशी. मी त्याचा अर्थ मला हवा तसा घेतला: माझ्या अन्यायाच्या आधी होती तशी, तिच्या हक्काची होती तशी. पुढच्या आठवड्यात मी एक नवीन कोरा कागद घेतला, पेन्सिलीनं सुबक अक्षरात सगळं लिहिलं. त्या दिवशीचे गुण सहाशे. वैद्य, पायरी पाचवी. गवंडी, कुलूप उघडं. दोन्ही धरून तिची बाई सातव्या पायरीवर गेली, तर मी पोरींना दटावून त्यांचीही पात्रं वर चढवून घेतली, म्हणजे कुणी नाक मुरडायला नको. कागद पुन्हा पुन्हा वाचला. काय बोलायचं तेही मनात घोकून ठेवलं.

रविवारी अकराच्या सुमाराला ती उदगीरच्या एसटीनं आली. केस अर्धे पांढरे, पायात साइटवरचे बूट. नांदेड आधीच येऊन बसली होती. पोरी आतल्या खोलीत नकाशे मांडत होत्या. मला धीर नव्हता. तिनं पाणी प्यायलं न प्यायलं तोच मी कागद पुढं केला आणि घोकलेलं सगळं बोलून टाकलं: चौकटीखालचा परिच्छेद, मी तो वाचला नव्हता, तुझे गुण मी खाल्ले, तुझं कुलूप त्याच दिवशी उघडायला हवं होतं, मला माफ कर. मला वाटलं, आता सुटले.

औशानं चष्मा लावला आणि कागद शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे सहाशे कशाचे?"

"त्या दिवशीचे. छत पडलं त्या मोहिमेचे."

"त्याचे तर शून्य हुते."

"तेच तर सांगतेय, ते शून्य माझी चूक..."

"मी जशीच्या तशी म्हणलं हुतं." तिनं कागद माझ्या बाजूला सरकवला. "शून्य घाल."

मला काही कळेना.

"मला नियम म्हाईत न्हवता का?" औसा म्हणाली. "तुझ्याकडून दोनदा वाचून घेतला हुता. हात लावला की त्या मोहिमेचं समदं जाणार, सबंध हिवाळा वाट बघितली ती पायरीबी. म्हाईत असून लावला." मग ती खिडकीकडं बघत सांगायला लागली, साइटवरचा अहवाल सांगावा तसं. "त्या पहाटे मी अंगणात हुते. आमचं माळवद माझ्यापुढं बसलं. आई आतून हाक मारून राहिली हुती, बराच वेळ. बापासंग कामावर जाऊन मला समदं ठावं हुतं. टेकू कुठं द्यायचा, दगूड कुठून काढायचा, समदं. तेरा वर्साची हुते. उभी राहिले नुसती. हात न्हाई लावला."

आतून पोरींच्या हसण्याचा आवाज आला आणि मला त्यांना गप्प करावंसं वाटलं, पण उठवलं नाही.

"तुझ्या त्या किल्ल्यात लावला," ती म्हणाली. "काय जाईल ते म्हाईत असून लावला. आन तू ते परत आणून देऊन राहिलीस. कोण मागितलं हुतं तुला?"

"मग खेळणं का सोडलंस?" माझ्या तोंडून निघालं. "मला वाटलं माझ्यावर रागावून..."

"तुझ्यावर कशाला? माझं झालं हुतं खेळून."

मला रडू आलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळलं नाही. एवढी वर्षं मी एक गुन्हा उराशी धरून बसले होते, त्याची माफी मागायची तयारी केली होती, आणि तो गुन्हा माझा नव्हताच. तिच्यात आणि तिच्या आईत काहीतरी घडत होतं आणि मी बाजूला बसून गुण मोजत होते. तिला काही विचारलं नव्हतं तेच बरं, असं म्हणायची आता सोय राहिली नाही. विचारलं असतं तर कदाचित सतराव्या वर्षी कळलं असतं.

मी खोडरबर घेतला. सहाशे पुसले, शून्य लिहिलं. पाचवी पायरी पुसून चौथी केली. सातवर गेलेली बेरीज पुन्हा सहावर आणली. गवंडीच्या पुढं 'उघडं' खोडून 'कुलूप' लिहिलं आणि खाली नव्या नियमांना जोड म्हणून एक ओळ घातली: या एका पात्रापुरता जुना नियम लागू. तेवढ्यात माझी मुलगी बाहेर आली, तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि लगेच सुरू झाली, "आई, हे काय? मावशी, आमच्यात कुलूप नसतं. तुमच्यावर अन्याय होतोय हा."

"तुमच्यात नसंल," औसा म्हणाली. "माझ्यात हाय. राहू दे."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मानेनंच तिला आत पाठवलं. औशानं कागद उचलून पुन्हा एकदा तपासला, समाधानानं त्याची घडी केली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"त्या दिवशी ढिगाऱ्यातून किती माणसं निघाली, आठवतंय का तुला?"

मी आठवायचा फार प्रयत्न केला. नांदेडचे तीनशे आणि तीनशे आठवत होते, माझे सहाशे आठवत होते, सकाळचा एकतिसावा नंबरसुद्धा आठवत होता. माणसं आठवेनात. ती तर मीच घातली होती, मीच एकेक चिठ्ठी वाचून सांगितलं असणार.

"नाही," मी म्हटलं.

"सात हुती. एक म्हातारी हुती, तिचा पाय गेला. दोन लेकरं. तूच सांगितलं हुतंस."

"सगळी निघाली?"

"समदी," ती म्हणाली, आणि फासे घेऊन पोरींच्या खोलीकडं गेली.